वाचक विचारतात : एचआयव्हीची तपासणी आणि घरातल्या बाईचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही एचआयव्हीबद्दलचे प्रश्न मागवले होते. नाशिक शहरातून आणि तालुक्यांतून आलेली बहुतेक पत्रं बायकांची आहेत. कोणाचंही नाव छापलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. बऱ्याच पत्रांच्या तळाशी एकच वाक्य आहे : ‘आमचं घर चांगलं आहे, मग मला कशाला तपासणी?’ त्यामुळे त्याचं उत्तर आधी.

प्रश्न : मला तिसरा महिना आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरने एचआयव्हीची तपासणी करायला सांगितली. सासूबाई म्हणतात, आपल्यात असलं काही नाही, उगाच नाव नको. मालक काहीच बोलत नाहीत. नाही म्हटलं तर चालतं का? आणि केली तर कोणाकोणाला कळतं? (सिन्नर तालुका)

उत्तर : नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार समजावून सांगितल्याशिवाय आणि तुमची संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही. तरीही आमचं स्पष्ट म्हणणं आहे की ती करून घ्या, आणि याच महिन्यात करा.

सिस्टरने तुमच्याकडे बघून काही ठरवलेलं नाही. केंद्रात नोंद झालेल्या प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी सांगतात, मग ती सरपंचाची सून असो की वीटभट्टीवरची मजूर. संसारी बाईला एचआयव्ही होतो तो बहुतेक वेळा नवऱ्याकडून, आणि नवऱ्यालाही आपल्याला लागण आहे हे ठाऊक नसतं. विषाणू शरीरात शिरल्यावर पुढची कित्येक वर्षं माणूस धडधाकट दिसतो, कामं करतो, वजनही घटत नाही. म्हणून घर चांगलं असणं आणि रक्तात काय आहे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आता बाळाचं. आईला लागण आहे आणि काहीच उपचार नाहीत, अशा वेळी गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावर पाजणं मिळून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १०० मध्ये १५ ते ४५ इतकं असतं. आईच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि बाळाला औषध मिळालं, तर ते ५ च्या खाली येतं. इतका फरक पाडणाऱ्या तपासण्या गरोदरपणात फार थोड्या आहेत. तिसऱ्या महिन्यात कळलं तर गोळीला काम करायला सहा महिने मिळतात, नवव्यात कळलं तर काही आठवडेच. एखादीची तपासणी राहूनच गेली असेल तर अगदी कळा सुरू झाल्यावरही ती करतात. पण त्या वेळी हातात फारसं काही उरलेलं नसतं.

केंद्रात किंवा उपकेंद्रात बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त कार्डावर घेतात. बऱ्याच ठिकाणी त्याच कार्डावर सिफिलिसही कळतो. हा गुप्तरोग पोटातल्या बाळाचा जीव घेऊ शकतो, आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका इंजेक्शनने बरा होतो. सासूबाईंना सांगायचं असेल तर सरळ सांगा : हिमोग्लोबिन, साखर, कावीळ आणि ही, अशा सगळ्या तपासण्या एका फेरीत उरकतात.

निकाल तुम्हाला एकटीला सांगितला पाहिजे. सासूला, आशाताईला किंवा शेजारणीला तो सांगायचा अधिकार कोणालाही नाही. बरोबर कोणी आलं असेल तर ‘मी आत एकटी येते’ असं मोकळेपणाने म्हणा. मालकांचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. त्यांचा रिपोर्ट तुमच्या रिपोर्टच्या जागी चालत नाही. एकाला लागण असून दुसऱ्याला नसणं हे नेहमी दिसतं.

प्रश्न : मूल होत नाही म्हणून खाजगी दवाखान्यात दोघांची रक्ततपासणी झाली. माझ्या रिपोर्टवर ‘एचआयव्ही : रिअॅक्टिव्ह’ आलं, यांचं ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. लॅबवाल्याने रिपोर्ट दिरांच्या हातात दिला. चार दिवसांपासून मी माहेरी आहे. सगळे म्हणतात, नवऱ्याला नाही म्हणजे माझंच काहीतरी. मी कोणाजवळ गेलेली नाही. (निफाड तालुका)

उत्तर : ताई, तुम्हाला एचआयव्ही आहे हे अजून ठरलेलंच नाही. एका चाचणीवर ‘रिअॅक्टिव्ह’ येणं म्हणजे पुढच्या चाचण्या करायला हव्यात, इतकंच.

याचा हिशेब समजून घ्या, घरच्यांनाही समजावता येईल. समजा १,००० बायकांची एकाच प्रकारच्या कार्डावर तपासणी केली आणि त्यांतल्या २ जणींना खरोखर लागण आहे. कार्ड चांगल्या प्रतीचं आहे, लागण नसलेल्या १,००० जणींमधल्या ९९५ जणींना ते बरोबर ‘नाही’ सांगतं. उरलेल्या ५ जणींच्या कार्डावर चुकून रेघ उमटते. म्हणजे एकूण ७ जणींच्या हातात ‘रिअॅक्टिव्ह’चा कागद पडला, आणि त्यांतल्या ५ जणींना लागणच नाही. जिथे आजार कमी लोकांत असतो तिथे चांगली चाचणीही पहिल्या फेरीत अशी फसते. म्हणूनच सरकारी पद्धतीत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द लिहिण्याआधी वेगवेगळ्या बनावटीच्या तीन चाचण्या करतात. पहिली जिथे चुकते तिथेच दुसरी आणि तिसरीही चुकेल, असं सहसा होत नाही.

कार्ड वाचतानाही चुका होतात. रक्ताचा आणि द्रावणाचा थेंब ठरलेल्या मापाने पडावा लागतो. किटवर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचावा लागतो. कार्ड तासभर टेबलावर पडून राहिलं तर वाळताना खोटी रेघ दिसू शकते. नियंत्रणाची रेघ, म्हणजे कार्ड नीट चालतंय हे दाखवणारी रेघ, उमटलीच नाही तर ते कार्ड बाद, पुन्हा नवीन घ्यायचं. मात्र वेळेत वाचलेल्या कार्डावरची फिकट रेघही रेघच धरतात. ‘अगदी फिकट आहे, सोडून द्या’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

आता काय करायचं : नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या उपजिल्हा वा ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, विचारा. दारावर काही ठिकाणी ‘संपूर्ण सुरक्षा केंद्र’ अशी पाटी असते. सकाळी लवकर जा. उपाशी जायची गरज नाही, पैसे पडत नाहीत. आधी समुपदेशक बंद खोलीत बोलतात आणि संमतीची सही घेतात, मग हाताच्या शिरेतून रक्त काढतात. पहिल्या चाचणीत काही आलं नाही तर निकाल ‘निगेटिव्ह’. आलं तर त्याच रक्तावर दुसरी आणि तिसरी होते. तिन्ही रिअॅक्टिव्ह आल्या तरच ‘पॉझिटिव्ह’. पहिल्या दोन रिअॅक्टिव्ह आणि तिसरी नाही, असं झालं तर निकाल ‘अनिश्चित’ लिहितात आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. त्या वेळी चुकवू नका. बहुतेक ठिकाणी निकाल त्याच दिवशी, तुमच्याच हातात मिळतो. खाजगी लॅबचा कागद बरोबर न्या, पण तो दाखवून नवीन तपासणी टाळू नका.

उद्या तिन्ही चाचण्या रिअॅक्टिव्ह आल्या, तरी ‘नवऱ्याला नाही म्हणजे बायकोचंच’ हा तर्क टिकत नाही. यांची तपासणीही एकाच चाचणीवर झालेली आहे. आणि लागण कोणाकडून कोणाला झाली, कधी झाली, हे अशा चाचणीतून कळतच नाही. पूर्वी कधी नीट न तपासता चढवलेलं रक्त, न उकळलेली सुई, जन्मापासूनची लागण, काहीही असू शकतं.

दिरांच्या हातात रिपोर्ट देणं ही गंभीर चूक आहे, बेकायदा आहे. त्याबद्दल तक्रार करता येते. पण आधी तीन चाचण्या पूर्ण करा.

प्रश्न : हे कांद्याच्या गाडीवर असतात. पंधरा-वीस दिवसांनी घरी येतात. गेल्या वेळी यांना खाली फोड येऊन गेले, मला पांढरं जातंय आणि वास येतो. तपासणी करू म्हटलं तर ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून भांडतात. (चांदवड तालुका)

उत्तर : तुमच्या तपासणीला त्यांची परवानगी लागत नाही. तुम्ही एकट्या जा.

पांढरं जाणं दरवेळी गुप्तरोगाचं असतं असं नाही. पण यांना फोड येऊन गेले असतील तर ते अंगावर काढू नका. सरकारी रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे त्रासाच्या प्रकारानुसार वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांतून औषधं देतात, बायकांच्या पांढऱ्या पाण्यासाठी हिरवं, जखमेसाठी पांढरं, अशी. दुसऱ्या बाईचं पाकीट घेऊन खाऊ नका, रंग वेगळा असेल तर औषधही वेगळं आहे. डॉक्टरांनी जोडीदारालाही औषध सांगितलं असेल तर ते दोघांनी एकाच वेळी घ्यायचं. एकाने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आपण होऊन गेलेला फोड बरा झाला असं समजू नका. सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरून येते आणि रोग आत राहतो. जखम असताना एचआयव्ही शिरणंही सोपं होतं.

एचआयव्हीची तपासणी आज करा आणि शेवटच्या असुरक्षित संबंधापासून ३ महिन्यांनी पुन्हा करा. नवीन लागण झाल्यावर कार्डावर रेघ उमटण्याइतकी प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते घटक, रक्तात तयार व्हायला साधारण ३ आठवडे ते ३ महिने लागतात. मधल्या काळात रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो, पण विषाणू दुसऱ्याला लागू शकतो. म्हणून ते ३ महिने निरोध वापरायचा, दर वेळी.

बोलणं कसं काढायचं? ‘तुम्ही कुठे जाता’ या प्रश्नाने सुरुवात केली की भांडण ठरलेलं. ‘डॉक्टरांनी मला औषध दिलंय आणि तुम्हालाही घ्यायला सांगितलंय, नाहीतर माझं बरं होणार नाही’ हे वाक्य आम्ही बऱ्याच जणींना सुचवतो. ते खरंही असतं. आयसीटीसीत समुपदेशक दोघांना एकत्र बसवूनही बोलतात.

प्रश्न : मी घंटागाडीवर कामाला आहे. कचरा वेगळा करताना इंजेक्शनची सुई हातात घुसली. मुकादम म्हणाला, हळद लाव. (नाशिक शहर)

उत्तर : हळद नको, चुना नको, बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच. आणि लगेच सिव्हिलच्या अपघात विभागात जाऊन ‘सुई टोचली, पीईपी हवं’ असं सांगायचं. ही प्रतिबंधाची औषधं पहिल्या २ तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. पहिला डोस घ्या, बाकी चौकशी नंतर होऊ द्या. औषध लागणार असं ठरलं तर ते २८ दिवस रोज घ्यावं लागतं. दहाव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून सोडलं तर सगळं वाया जातं. त्याच दिवशी एचआयव्ही आणि कावीळ ब, क यांची तपासणी होते, धनुर्वाताचं इंजेक्शन मिळतं. एचआयव्हीची तपासणी ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी पुन्हा करतात.

धोका किती? एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताने भरलेली ताजी सुई खोल टोचली तरी ३०० मध्ये साधारण एकाला लागण होते. कचऱ्यातल्या जुन्या सुईचा धोका त्याहून कितीतरी कमी. काविळीचा मात्र बराच जास्त असतो. म्हणून ‘कावीळ ब’ची लस घंटागाडीवरच्या प्रत्येकीने टोचलेलीच असावी. तिचे तीन डोस असतात : पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. ठेकेदाराकडे ती आणि जाड हातमोजे मागा. त्यात भीक मागण्यासारखं काही नाही.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून एआरटीची (एचआयव्ही दाबून ठेवणारी) गोळी घेते. आता पाचवा महिना आहे. एकदाही गोळी चुकवली नाही, तरी या वेळी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) वाढलेला आला. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, गोळी नीट घेत नसाल. मी द्राक्षबागेत कामाला आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही रोज घेते, सगळ्या रात्री एकदमच, विसरू नये म्हणून. (दिंडोरी तालुका)

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यातच बहुधा कारण सापडतं. गोळी न चुकवणाऱ्या बाईवर अविश्वास दाखवण्याआधी हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला गेला पाहिजे.

तुमच्या एका गोळीत तीन औषधं आहेत : टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. यातलं डोल्युटेग्राविर पोटात लोह किंवा कॅल्शियम भेटलं की त्याला चिकटतं आणि रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. उपाशीपोटी किंवा जेवून बराच वेळ झाल्यावर या गोळ्या एकत्र घेतल्या की असं होतं. पित्तावरच्या पातळ औषधाचं आणि चघळायच्या गोळ्यांचंही तेच. गोळी गिळली, पण औषध मिळालं नाही.

वेळा अशा लावून पाहा. सकाळी ८ ला न्याहारीबरोबर कॅल्शियम. दुपारी १२ वाजता लोहाची लाल गोळी, चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर चालेल. दुपारी ३ ला दुसरी कॅल्शियमची. रात्री ९ वाजता एआरटीची गोळी, आणि त्यानंतर दोन तास बाकी काही नाही. एआरटीची गोळी या गोळ्यांच्या आधी २ तास किंवा नंतर ६ तास असावी, हा नियम. बागेत दुपारच्या गोळ्या न्यायला जमत नसेल तर दुसरा मार्ग आहे : कॅल्शियम किंवा लोह आणि एआरटी भरपेट जेवणाबरोबरच, एका बसणीला. जेवणासोबत घेतलं तर डोल्युटेग्राविर शोषलं जातं. पण लोह आणि कॅल्शियम एकमेकांबरोबर नकोत. पित्ताच्या औषधाला ही सवलत नाही, त्याला २ आणि ६ तासांचंच अंतर. लोह बंद करू नका, या महिन्यांत ते लागतंच.

हे लिहून नेऊन एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा, आणि व्हायरल लोड पुन्हा कधी करायचा हे त्यांच्याकडून आजच ठरवून घ्या. ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यानचा व्हायरल लोड तर चुकवायचाच नाही. बाळाला एक औषध द्यायचं की दोन, हे त्यावर ठरतं. छाटणीसाठी दुसऱ्या तालुक्यात मुक्काम असेल तर आधी केंद्रात सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात. एखाद्या रात्री विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर दोन गोळ्या एकदम मात्र घेऊ नका.

बाळंतपण रुग्णालयातच करा. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणाने सिझर करत नाहीत. जन्मल्याबरोबर बाळाला नेव्हिरॅपिनचं सिरप सुरू होतं, साधारणपणे ६ आठवडे. वजन अडीच किलो किंवा जास्त असेल तर दिवसातून एकदा १.५ मिलिलिटर. इथे नेहमीची चूक म्हणजे घरातला चमचा. चमच्यात ५ मिलिलिटरही मावतं. सुई काढलेली सिरिंज किंवा ड्रॉपर मागून घ्या आणि १.५ ची रेघ कुठे आहे ती सिस्टरकडून बोट ठेवून दाखवून घ्या.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. बाळगुटी नको, मध नको, ‘घसा सुकेल’ म्हणून पाणीही नको. वरचं अन्न आणि आईचं दूध एकत्र झालं की बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. म्हणून एकतर फक्त अंगावरचं, नाहीतर डॉक्टरांशी बोलून पूर्ण वरचं, दोन्ही मिसळून नाही. तुमची गोळी नीट चालू असेल तर अंगावर पाजणंच चांगलं.

बाळाची साध्या कार्डावर तपासणी केली तर ती १८ महिन्यांपर्यंत फसवू शकते, कारण आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात. म्हणून ६ आठवड्यांनी टाचेतून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेऊन, वाळवून, वेगळ्या चाचणीसाठी पाठवतात. पुढे ६ महिने, १२ महिने, आणि शेवटचा निकाल १८ महिन्यांना. मधला एक निकाल चांगला आला की फेऱ्या बंद करणाऱ्या आया बऱ्याच आहेत. अंगावर पाजणं चालू असेपर्यंत धोका संपलेला नसतो.

प्रश्न : आमच्या बचत गटात एचआयव्हीवर कार्यक्रम घ्यायचा आहे. बायका म्हणतात, आम्हाला सगळं माहीत आहे. (येवला)

उत्तर : नाव सगळ्यांना माहीत असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, निरोधाने धोका कमी होतो हे देशातल्या ६८.४ टक्के बायकांना माहीत होतं. पण ‘पूर्ण माहिती’ असलेल्या निघाल्या फक्त २१.६ टक्के. पुरुषांत ३०.७. पूर्ण माहितीसाठी पाच गोष्टी बरोबर सांगाव्या लागतात : निरोध दर वेळी वापरल्याने धोका कमी होतो, लागण नसलेला एकच एकनिष्ठ जोडीदार असला तर धोका कमी होतो, निरोगी दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो, आणि दोन सर्वांत जास्त पसरलेले गैरसमज नाकारणं. डासाचा आणि एका ताटात जेवण्याचा गैरसमज अजून फार खोल आहे.

म्हणून भाषणाने सुरुवात करू नका. सगळ्यांना शेंगदाणे आणि चिंचोके द्या, शेंगदाणा म्हणजे हो, चिंचोका म्हणजे नाही. प्रश्न विचारा आणि झाकलेल्या डब्यात टाकायला सांगा, म्हणजे कोणी कोणाकडे बघणार नाही. ‘भाजीवालीला एचआयव्ही आहे हे कळलं तर तिच्याकडून मेथी घ्याल का?’ ‘तिच्या मुलाशेजारी आपलं मूल वर्गात बसू द्याल का?’ डबा सगळ्यांसमोर मोजा. किती चिंचोके निघाले त्यावर पुढचा तास ठरवा. डास चावून का होत नाही, याचं कारण सांगा, नुसतं ‘होत नाही’ म्हणू नका : डासाच्या पोटात हा विषाणू वाढत नाही, जगत नाही, आणि डास चावताना आधी प्यायलेलं रक्त दुसऱ्यात सोडत नाही, फक्त लाळ सोडतो. कारण कळलं की बाई ते घरी जाऊन सांगते.

शेवटी आयसीटीसीच्या समुपदेशकांना बोलवा, पण गटात सामूहिक तपासणीचा आग्रह धरू नका. ‘सगळ्यांनी केली, तू का नाही’ हा दबाव झाला, संमती नव्हे. १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा.

प्रश्न : मुलीचं लग्न ठरतंय. मुलाकडे एचआयव्हीचा रिपोर्ट मागितला तर बरं दिसेल का? (नाशिकरोड)

उत्तर : दोघांनी करायची, असं म्हणा, म्हणजे कोणालाच टोचणार नाही. मुलगा-मुलगी दोघंही आयसीटीसीत गेली आणि एकमेकांना निकाल त्यांनीच सांगितले, हे सगळ्यात चांगलं. आईबापांनी कागद हातात घेऊन फिरवायचा नाही. एकच निगेटिव्ह रिपोर्ट जन्मभराची हमी देत नाही, हे मुलीला समजावून सांगा.

प्रश्न : वणीच्या गडावर यात्रेत गोंदवून घेतलं. सुई सगळ्यांना एकच होती. (कळवण तालुका)

उत्तर : एचआयव्हीचा धोका फार थोडा, पण शून्य नाही. काविळीचा जास्त. ३ महिन्यांनी एचआयव्ही आणि कावीळ ब, क तपासून घ्या. दोन-तीन दिवसच झाले असतील तर आजच सरकारी रुग्णालयात दाखवा, म्हणजे पीईपी द्यायचं का ते वेळेत ठरेल. पुढच्या वेळी सुई आणि शाईची वाटी दोन्ही नवीन हवीत. सुई बदलली आणि शाई तीच राहिली तर काही उपयोग नाही.

प्रश्न : यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मलाही लागण आहे, गोळ्या चालू आहेत. सासरी माझं ताट-वाटी, बाथरूम वेगळं केलंय आणि आता ‘माहेरी जा’ म्हणतात. दोन मुलं आहेत, दोघांचे रिपोर्ट चांगले आहेत. (मालेगाव तालुका)

उत्तर : ताट-वाटी वेगळी करायला वैद्यकीय कारण काहीच नाही. एका मोरीत आंघोळ, एका हंड्यातलं पाणी, एका चुलीवरचा स्वयंपाक, यातून एचआयव्ही पसरत नाही. डॉक्टरांनी स्वतः सासऱ्यांना समोर बसवून हे सांगितलं तर कधी कधी फरक पडतो. पण तुमच्या संमतीशिवाय त्यांनी कोणाशी बोलू नये.

घर सोडून जाऊ नका. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो. तो घराच्या मालकीवर अवलंबून नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतील तरी हरकत नाही : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातही त्यांची समिती असते. मारहाण किंवा हाकलणं अंगावर आलं तर १८१ वर फोन करा.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि एचआयव्ही बाधित, दोन्ही बसतात. महिना १,५०० रुपये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. अर्ज तहसील कार्यालयात. आजाराचा उल्लेख कागदावर नको असेल तर विधवा म्हणून अर्ज करा, यजमानांच्या मृत्यूचा दाखला जोडा.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती फार जणींना कोणी सांगतच नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतर बायकांच्या साधारण सहापट असते. तो हळूहळू वाढतो आणि आधी सापडला तर जागेवर थांबवता येतो. पंचविशीनंतर दर ३ ते ५ वर्षांनी तपासणी हवी. सरकारी रुग्णालयात गर्भाशयाच्या मुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून बघतात. एखादा भाग पांढरा दिसला तर पुढचे उपचार सांगतात. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. पाळीचे दिवस सोडून जा, आधीचे दोन दिवस आत कोणतंही औषध लावू नका. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा त्याच फेरीत स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढा.